वाळू, हापसा आणि हातोडी: बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्गमधली मैदानं

बर्लिनला मुलांना घेऊन जाणार असाल तर संग्रहालयांतून एक अख्खा दिवस वाचवा आणि तो प्रेन्झलाउअर बेर्गला द्या. शहराच्या पूर्व भागातली ही जुनी वस्ती. माझी मावसबहीण तिथेच राहते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा मुक्काम तिच्याकडेच होता. लेक नऊ वर्षांची, धाकटा पाचचा. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि तो सगळा उजेड आमच्या पोरांनी मैदानात वसूल केला.

इथे चार पावलं चाललं की खेळायची जागा लागते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे कामगारांसाठी पाच-पाच मजली इमारती उठल्या. एकीला एक चिकटलेल्या, पोटात अंधारे चौक. मुलांसाठी मोकळी जागा अशी नव्हतीच. पुढे महायुद्धात काही इमारती बॉम्बने पडल्या आणि अशा कित्येक रिकाम्या जागांवर आज वाळू आणि झोके आहेत. शिवाय पश्चिम बर्लिनमध्ये १९७९ साली झालेला कायदा आज सगळ्या शहराला लागू आहे: दर माणशी १ चौरस मीटर सार्वजनिक खेळाची जागा हवी. सगळीकडे तेवढी भरते असं नाही, पण मुलांच्या खेळाचा हिशेब कायद्यात मांडलेला आहे, याचं मला फार कौतुक वाटलं.

बहिणीच्या घराजवळच्या मैदानात रबराच्या चटया नव्हत्या. होती ती वाळू, घोट्यापर्यंत पाय रुतेल एवढी. आणि मधोमध लोखंडी हापसा. एकाने हापसायचं, पाणी लाकडी पन्हाळीतून वाळूत उतरणार, बाकीच्यांनी ते अडवायचं, वळवायचं. धाकट्याने दिवाळीत करतो तसा किल्ला करायला घेतला आणि राजगड म्हणून जाहीरही केला. शेजारच्या दोन मुलींना त्यातलं अक्षर कळलं नसणार, पण एकीने खंदक खणला, दुसरी हापशाला लटकली. पाणी आलं, तटबंदी ढासळली, पुन्हा बांधली. एका मुलाने मध्येच फावडं ओढून घेतलं तशी मी उठले. बहिणीने हात धरून बसवलं. "ताई, बस गं तू. त्यांचं ते बघतील." त्यांनी खरंच बघितलं. थोडी ओढाओढ झाली आणि मग तो मुलगाच बुरूज थापायला बसला.

कोल्विट्झप्लाट्झ हा इथला सगळ्यात देखणा चौक. भोवती झाडं, कॅफे, शनिवारी बाजार. चौकात चित्रकार आणि शिल्पकार केटे कोल्विट्झ यांचा मोठा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. त्या आणि त्यांचे डॉक्टर पती याच भागात राहायचे, पती इथल्या गरिबांवर उपचार करायचे. त्यांचा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात, १९१४ साली मारला गेला. लेकरांना कवटाळणाऱ्या आया त्यांनी आयुष्यभर रेखाटल्या. पोरं त्या पुतळ्याच्या मांडीवर चढतात, गळ्याला मिठी मारतात आणि कुणी हटकत नाही. माझ्या मते त्या पुतळ्याला याहून मोठा मान नाही.

तिथून जवळच 'कोल्ले ३७' आहे आणि माझ्या लेखी तीच इथली सर्वोत्तम जागा. १९९० पासून सुरू असलेलं हे साहसी मैदान ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आत घसरगुंडी शोधू नका. आत फळ्या, खिळे, करवती, हातोड्या आणि मुलांनीच बांधलेल्या वेड्यावाकड्या झोपड्या. मूळ कल्पना डॅनिश उद्यानरचनाकार सोरेनसेन यांची. आखून दिलेल्या मैदानापेक्षा मुलं भंगारात जास्त रमतात हे त्यांनी ओळखलं आणि १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एम्द्रुपमध्ये असं पहिलं मैदान उघडलं. प्रशिक्षित माणसं लक्ष ठेवायला असतात, आईबापांनी मात्र मध्ये लुडबुड करायची नाही. लेकीने पहिला खिळा वाकवला, दुसराही वाकवला. तिथल्या ताईने तिच्या हातातली हातोडी काढून घेतली नाही, फक्त मूठ दांड्याच्या टोकाकडे सरकवून दिली. तिसरा खिळा सरळ गेला. त्यानंतर तिला तिथून हलवणं कठीण झालं. पुण्यात एवढ्या सोसायट्या झाल्या, प्रत्येकीत तीच प्लॅस्टिकची घसरगुंडी. एका कोपऱ्यात फळ्या आणि खिळे ठेवायला कुणी तयार होईल का, हे मी परत आल्यापासून विचारते आहे.

हेल्महोल्ट्झप्लाट्झचं मैदान गर्दीचं, तिथे तासभर पुरे. माउअरपार्क मात्र चुकवू नका. बर्लिनची भिंत ज्या पट्ट्यातून जायची त्याच पट्ट्यावर हे उद्यान झालं. टेकाडाच्या माथ्यावर मोठे झोके आहेत, मोठी माणसंही त्यावर बिनदिक्कत बसतात. उत्तरेच्या टोकाला मोरिट्झहोफ नावाचं मुलांचं शेत आहे, तिथे शेळ्या आणि तट्टू भेटतात.

जाताना कपड्यांचे दोन जास्तीचे जोड आणि टॉवेल घ्या, हापसा असला की पोरं भिजणारच. मैदानांत स्वच्छतागृह सहसा नसतं, म्हणून जवळचा कॅफे आधी हेरून ठेवा. रविवारी दुकानं बंद, खाऊ शनिवारीच भरा. कोल्विट्झप्लाट्झ आणि 'कोल्ले ३७' साठी यू२ मेट्रोचं झेनेफेल्डरप्लाट्झ स्टेशन सोयीचं. 'कोल्ले ३७' च्या वेळा मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा.