होडी नाही, तरी होडीचा नंबर द्या

आमच्या संस्थेत मुलांना मासेमारी शिकवायला व्हॉलंटियर मिळवणं हेच सगळ्यात अवघड जाईल असं मला वाटलं होतं. कसलं काय! ज्याला गळ टाकून बसायचा नाद असतो त्याला दुसऱ्याला शिकवायची हौस असतेच असते. एक मेसेज फिरवला आणि आठवड्याभरात 14 जण तयार. भेटीगाठी, टी-शर्टची मापं, ग्रुप, सगळं फटाफट झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते चारित्र्य पडताळणीच्या कागदावर. आता मुलांसोबत काम करायचं म्हणजे हा कागद पाहिजेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, जिथे हा कागद मागत नाहीत तिथे मी स्वतःचं पोर पाठवणार नाही. तक्रार आहे ती फॉर्मबद्दल. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'संस्थेचे कार्यक्षेत्र' असा एक ड्रॉपडाउन होता, त्यात मी सरळ 'शिक्षण' निवडलं, कारण आम्ही शिकवतो. 14 फॉर्म, प्रत्येकाचे तीन-तीन कागद स्कॅन करून, रात्री बसून भरले. बारा दिवसांनी सगळेच्या सगळे परत. कारण काय तर संस्थेच्या नावात 'मासेमारी' आहे आणि कार्यक्षेत्र 'शिक्षण', मेळ बसत नाही.

ठीक आहे म्हटलं, 'मत्स्यव्यवसाय' निवडू. ते निवडलं की खाली एक नवीन रकाना उघडतो, नौकेचा नोंदणी क्रमांक, लाल चांदणीवाला, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे होडी नाही. आमची मुलं काठावर बसून शिकतात. मी शहाणपणा करून तिथे शून्य टाकलं आणि फॉर्म गेला की! दोन दिवस मी खूश. मग पुन्हा परत, 'क्रमांक अवैध'. तर शून्य टाकू नका, फॉर्मने घेतलं म्हणजे ऑफिसने घेतलं असं नसतं.

मग गेले प्रत्यक्ष. खिडकीवरचे साहेब म्हणाले, होडी नाही तर मासे पकडता कसे? मी म्हटलं, काठावरून. म्हणे, मग व्यवसाय कसा? मी म्हटलं, तेच तर सांगतेय, व्यवसाय नाहीये, शिकवतो आम्ही. म्हणे, मग शिक्षण निवडायचं ना! इथे मला हसू फुटलं, आणि ते फुटायला नको होतं, कारण त्यानंतर त्यांनी मला शेजारच्या खिडकीवर पाठवलं आणि शेजारच्या खिडकीने पत्र मागितलं की 'संस्थेकडे कोणतीही नौका नाही', लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीने. नसलेल्या वस्तूचा दाखला! अध्यक्ष बाहेरगावी. ते आल्यावर पत्र दिलं तर कळलं की पत्राने काही होत नाही, भरलेला फॉर्म दुरुस्त करायची सोयच नाही, नवीन भरा. पुन्हा 14. त्यात तिघांच्या ओळखपत्रावर मधलं नाव पूर्ण आणि फॉर्ममध्ये नुसतं आद्याक्षर, तेही निघालं. (पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून ओळखपत्रावर आहे तस्संच नाव टाइप करून मागवा, फोटोवरून वाचून आपण टाइप करायचं नाही.)

सुटलं कसं? तर मी खिडकीसमोर ताटकळत होते तेव्हा फायली नेणाऱ्या एक ताई जाता जाता म्हणाल्या, अहो मॅडम, यादीत एकदम खाली जा ना, 'इतर' आहे. होतं! सगळ्यात शेवटी, स्क्रोल करून गेलं की 'इतर', आणि त्यापुढे चांगली मोकळी जागा, त्यात 'मुलांना काठावरून गळाने मासे पकडायला शिकवणे, नौका नाही' असं लिहिलं आणि नऊ दिवसांत कागद हातात यायला लागले. म्हणजे सहा आठवडे गेले ते एका न उघडलेल्या ओळीपायी. चूक माझी म्हणा हवं तर, पण दोन खिडक्यांमधल्या एकालाही ते 'इतर' आठवू नये?

या सहा आठवड्यांत चौघं गळाले. एक मुलगी होती, मुलं तिच्याभोवती जमायची, तिने शेवटी दुसरीकडे नाव दिलं, त्याची चुटपूट अजून आहे. आणि खरं सांगते, एकदा मनात आलं होतं की दोन जुन्या जाणत्यांना 'नुसते मदतनीस' म्हणून उभं करावं, कोण विचारतंय. नाही केलं. विम्याच्या कागदात व्हॉलंटियरची यादी द्यावी लागते, यादीबाहेरच्या माणसाच्या हातून पोराला काही लागलं तर कोण निस्तरणार.

उरलेले दहा टिकले कारण त्यांना मुलांशिवायची कामं दिली. गळांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करणं हे काम दोन संध्याकाळ पुरलं, आणि ते करायलाच हवं, काटा दाबलेला गळ माशातूनही सहज निघतो आणि बोटातूनही. मग जुन्या रीलवरची लाइन, म्हणजे गळाची दोरी, बदलणं. मग जागेची पाहणी, घसरडं कुठे आहे, वर विजेच्या तारा कुठे आहेत. कार्बनच्या रॉडमधून, म्हणजे गळाच्या काठीतून, वीज वाहते, आणि तारेला रॉड प्रत्यक्ष टेकायचीही गरज नसते, नुसती जवळ गेली तरी झटका बसू शकतो, हे मासेमारीत वीस वर्षं घालवलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं!

गाठींचा सराव सुरू केला तेव्हा कळलं की येणं आणि शिकवता येणं यात केवढा फरक आहे. एक निवृत्त काका होते, डोळे मिटून गाठ मारायचे, पण इतक्या झटक्यात की समोरच्याला काही दिसायचंच नाही. त्यांना जाड दोरी दिली आणि सांगितलं, काका, याच्यावर दाखवा, बोलत बोलत. आधी रागावले. मग त्यांनीच शोधून काढलं की घट्ट ओढायच्या आधी गाठ ओली करायची हे ते कधी तोंडाने सांगतच नव्हते, हाताला सवय झालेली. कोरडी ओढली तर घर्षणाने लाइन तिथेच कमजोर होते.

सरावाच्याच दिवशी एकाच्या अंगठ्यात गळ गेला, नेमका दाबायचा राहिलेला. गळाच्या वाकाला दोरा अडकवून, दांडी खाली दाबून, एका झटक्यात काढतात ती पद्धत आमच्यातल्या नर्सबाईंनी करून दाखवली, बाकीचे पांढरेफटक. डोळ्याजवळ असेल तर मात्र काढायला जायचं नाही, तसाच ठेवून थेट डॉक्टर. तेव्हापासून पाण्याजवळ चष्मा सगळ्यांना सक्तीचा, मोठ्यांनाही.

एक नियम मी उशिरा केला, तुम्ही आधी करा: सत्र चालू असताना व्हॉलंटियरने स्वतःचा गळ टाकायचा नाही. पाण्यावर तरंगणारा फ्लोट हलला की माणूस मुलं विसरतो, कितीही भला असो. आणि मुलासोबत एकट्याने आडबाजूला जायचं नाही, कागद असला तरी. नवशिकी मुलं असतील तर एकाकडे दोन-तीनच, कारण लाइनचा गुंता सोडवण्यातच निम्मा वेळ जातो. सत्र संपलं की दहा मिनिटं उभ्याउभ्या बोलायचं, कोणाचं काय अडलं. यात पहिल्यांदा कळलं की दोघांना मासा हातात धरणाऱ्या मुलांना ओरडायला जीवावर येतंय. हात ओले करून धर एवढंच सांगायचं, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर माशाला रोग लागतात, हे कारण सांगितलं की मुलं स्वतःच एकमेकांना दटावतात, आपल्याला ओरडावं लागत नाही.

काकांचा कागद सगळ्यात शेवटी आला, तिसऱ्या सत्राच्या दिवशी सकाळी. लॅमिनेट करून गळ्यात घालून आले. त्या कागदाची मुदत एक वर्ष आहे, नूतनीकरणाचा फॉर्म मी परवा उघडून पाहिला, त्यात ड्रॉपडाउनच काढून टाकलाय आणि फक्त मागचा अर्ज क्रमांक मागतात. माझ्याकडे प्रत्येकाचे तीन-तीन आहेत.