किर्र करणारा आणि काठीने खेळायचा

इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला येऊन आम्हाला चार वर्षं झाली. गेल्या शनिवारी लेकाला घेऊन पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले होते. त्याच्या मित्राने पाल पाळली आहे आणि ती काय खाते ते याला बघायचं होतं. फळीवर प्लॅस्टिकचे डबे रचलेले, वर लिहिलेलं ‘लाइव्ह क्रिकेट्स’. आत अंड्यांच्या ट्रेचे तुकडे आणि त्यांच्या खाचांत दडून बसलेले तपकिरी किडे. लेकाने डबा कानाला लावला आणि ओरडलाच, “आई, आजोबांकडचा रातकिडा!”

घरी येईपर्यंत त्याचा एकच प्रश्न: खेळाला किड्याचं नाव का दिलं?

तर, दिलेलं नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त दिसायला सारखे. किड्याचं नाव जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि ते त्याच्या आवाजावरूनच पडलं: करकरणे, कुरकुरणे अशा अर्थाचं तिकडचं क्रियापद ‘क्रिके’. आपण काय म्हणतो? किर्र. किर्र रान, किर्र रात्र. फ्रान्सातल्या कुणा शेतकऱ्याच्या आणि कोकणातल्या आपल्या माणसाच्या कानांनी एकच आवाज जवळजवळ त्याच अक्षरांत पकडला, याचा मला फार आनंद झाला. हा आवाज नराचाच. एका पंखावर कानशीसारखे दाते असतात, त्यावर दुसऱ्या पंखाची कड घासली की किर्र. अमेरिकेत तर एखाद्याच्या बोलण्यावर कुणीच काही बोललं नाही की नुसतं ‘क्रिकेट्स’ म्हणतात. इतकी शांतता की रातकिडेच ऐकू यावेत. आपल्या ‘किर्र’मध्येही ती शांतता आहेच की.

खेळाच्या नावाचा मात्र आजवर एकमताने निकाल लागलेला नाही. जुन्या इंग्रजीत ‘क्रिच्च’ म्हणजे कुबडी, काठी. डच भाषेतही काठीला तसाच शब्द. चर्चमध्ये गुडघे टेकायला एक लांबट, बुटकं बाक असे, त्याच्या फ्लेमिश नावाशीही काहीजण नातं जोडतात, कारण सुरुवातीची विकेट तशीच बुटकी आणि रुंद होती. मला काठीच पटते. १६११ च्या एका फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशात फ्रेंच ‘क्रॉस’चा अर्थ दिलाय तो असा: मुलं जिने क्रिकेट खेळतात ती वाकडी काठी. तेव्हा चेंडू जमिनीवरून सरपटत यायचा, म्हणून बॅट हॉकीच्या काठीसारखी खाली वळलेली. आणि आपल्या विटीदांडूचं नाव तरी कशावरून पडलं?

या शब्दाचा खेळ म्हणून सगळ्यात जुना खात्रीचा पुरावा आमच्याच गावातला आहे, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. जमिनीच्या एका तुकड्यावरून दावा चालला होता. जानेवारी १५९८ मध्ये जॉन डेरिक नावाच्या ५९ वर्षांच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) साक्ष दिली (तेव्हा इंग्लंडात वर्ष मार्चमध्ये बदलायचं, म्हणून कागदावर १५९७). तो म्हणाला, मी इथल्या शाळेत शिकत होतो तेव्हा सवंगड्यांबरोबर या जागेवर ‘क्रेकेट’ खेळायचो. म्हणजे साधारण १५५० ची गोष्ट. भांडण जमिनीचं, आणि कागदावर उतरलं एका पोराचं खेळणं! त्याची शाळा अजून चालू आहे. हाय स्ट्रीटच्या दगडी चढावरून भाजीच्या पिशव्या घेऊन जाताना तिच्या जुन्या इमारतीपाशी आता माझे पाय आपोआप थांबतात.

हे सगळं ऐकून लेकाने विचारलं, “मग तेव्हा त्रिफळा कसा उडायचा?”

उडायचाच नाही. यष्ट्या दोनच असायच्या. १७७५ मध्ये लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर लम्पी स्टीव्हन्सचा चेंडू तीन वेळा जॉन स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून आरपार गेला, आणि स्मॉल नाबादच राहिला. त्यानंतर तिसरी यष्टी आली, तेव्हा कुठे आपल्याला ‘त्रिफळा’ म्हणायची सोय झाली.

रविवारी त्याने परसात मधली यष्टी उपटून कुंपणाला टेकवून ठेवली आणि मला गोलंदाजीला उभं केलं. सहावा चेंडू अगदी मधून गेला. यष्ट्या हलल्या नाहीत. “नाबाद!” म्हणून तो पुन्हा काठी टेकून उभा राहिला.