कोरी गुंडाळी

आज न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या वुडलॉन दफनभूमीत अमेरिकन लेखक हर्मन मेलव्हिलची कबर शोधता शोधता पायांचे तुकडे पडले. सापडली तर दगडावर कोरलेली कागदाची गुंडाळी, आणि तीही कोरी! शब्दसुद्धा नाही. खाली फक्त नाव आणि तारखा. कुणीकुणी पेनं ठेवून गेलेले. एकाचं टोपण गायब. मीही खिशातलं बॉलपेन ठेवलं.

१८५१ मध्ये त्याची व्हेलच्या शिकारीवरची कादंबरी 'मोबी डिक' आली, फारशी खपली नाही. मग १८६६ पासून १९ वर्षं हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या जकात खात्यात, सुरुवातीला रोज ४ डॉलरवर. व्हेलमागे समुद्र पालथा घातलेला माणूस धक्क्यावर माल तपासतोय! १८९१ साली गेला. 'बिली बड' ही त्याची शेवटची लघुकादंबरी घरातच पडून होती, छापली थेट १९२४ मध्ये.

परतताना बायकोने वाणसामानाची यादी लिहायला पेन मागितलं.