दोघींमधली फट

त्या सामन्याची चित्रफीत मी आजवर तीस-चाळीस वेळा तरी पाहिली असेल. एका पालकांनी मोबाईलवर टिपलेली ती जेमतेम बारा सेकंदांची आहे आणि तिच्यातला निर्णायक भाग दीड सेकंदाचाही नाही. सामना होऊन तीन आठवडे उलटले, तरी त्या दीड सेकंदावर मी दिलेला निर्णय बरोबर होता की नाही, हे मला ठामपणे सांगता येत नाही. म्हणून सगळे क्रमाने लिहून काढते आहे.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि गेली 14 वर्षे सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलचे पंच म्हणून उभी राहते. कोल्हापूरचा जीव कुस्तीत आणि फुटबॉलमध्ये. शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ भिडतात तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते; आमच्या सिमेंटच्या मैदानावर अंतिम सामन्यालाही दोनशे माणसे जमली तर आम्हाला बरे वाटते. जमतात तीही हा खेळ फुटबॉलच्या नजरेने पाहतात. खेळात अंगाला अंग लागायचेच, हे इथले पक्के मत आहे, आणि आमच्यातल्या काही पंचांचेही तेच मत आहे याचे मला मनापासून वाईट वाटते.

सामना 19 वर्षांखालील मुलींचा होता. एका संघाची सेंटर (बास्केटजवळ खेळणारी), 11 नंबरची, बाकी सगळ्यांहून वीतभर उंच. समोरच्या संघाचा डाव साधा होता: रिबाउंड, म्हणजे शॉट चुकून परत उसळलेला चेंडू, तिच्याच हातात जाणार हे धरून चालायचे आणि चेंडू तिने पकडला की दोन ठेंगण्या, चपळ मुलींनी (गार्डनी) तिला चिकटून कोंडून टाकायचे.

अशा वेळी उंच खेळाडूने काय करावे, हे प्रत्येक प्रशिक्षक शिकवतो आणि मीही माझ्या शाळेत शिकवते. चेंडू हनुवटीखाली, दोन्ही हातांनी घट्ट, कोपरे बाहेर. चेंडू पोटापर्यंत खाली आणला की बुटक्या मुली तो हिसकावतात. नियमाच्या दृष्टीनेही यात काही वावगे नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक दंडगोल मानलेला आहे. तो पुढे तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत आणि बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत असतो, आणि डोक्यावरची जागाही त्यातच मोडते. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला आपल्या दंडगोलात पिव्हट करायला (एक पाय रोवून वळायला) आणि पास द्यायला जागा मिळालीच पाहिजे. बचाव करणारी त्यात शिरली आणि त्यातून धक्का लागला, तर फाउल बचाव करणारीचा. तेव्हा कोपर बाहेर असणे हा गुन्हा नाही. ते फिरते कसे, एवढेच पाहायचे असते.

मला पंचाचे काम ज्या सरांनी शिकवले ते म्हणायचे, "कोपराकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ." कंबर, खांदा आणि कोपर एकाच वेगाने फिरत असतील तर खेळाडू वळते आहे. खांदा जागेवर राहिला आणि कोपर त्याच्या पुढे झपाट्याने निघाले, तर ती समोरचीला मारते आहे, किंवा निदान भीती तरी घालते आहे. लोकांना न पटणारी गोष्ट पुढेच आहे. असे फिरवलेले कोपर कोणालाही लागले नाही, तरी तो टेक्निकल फाउल, म्हणजे धक्का न लागताही वर्तनाबद्दल दिला जाणारा फाउल, होतो. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी) मिळतो आणि खेळ पुन्हा सुरू होताना चेंडू ज्या संघाकडे होता त्याच्याकडेच राहतो.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये मी 11 नंबरला तोच फाउल दिला. "लागलं कुठं, मॅडम?" असा एकच गलका झाला. मी हातांचा टी केला आणि कोपर मागे झटकून कारणाची खूण दाखवली. या निर्णयाबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही. तिचे खांदे स्थिर होते, कोपरे दोनदा गरकन फिरली होती, आणि समोरच्या मुलीने डोके वेळेवर मागे घेतले नसते तर तिचे नाक फुटले असते.

माझे मन अडकते ते पहिल्या क्वार्टरमध्ये. त्या 10 मिनिटांत दोन्ही गार्ड तिच्या कमरेवर हात ठेवत होत्या, तिच्या पायांत गुडघा घालत होत्या, आणि मला आठवते तेवढ्यात चार वेळा तरी हे माझ्या डोळ्यांसमोर घडले. मी शिट्टी एकदाच वाजवली. माझे सहकारी पंच सामन्याआधीच म्हणाले होते, "सुरुवातीला खेळू दे पोरींना, उगाच शिट्ट्या नकोत." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते मला कधीच पटलेले नाही; तरी त्या दिवशी मी त्याच्या आहारी गेले. पहिल्या पाच मिनिटांत पंच जे चालवून घेतो, तोच उरलेल्या 35 मिनिटांचा नियम होऊन बसतो. कमरेवरचा हात चालतो, हे त्या गार्डना माझ्याकडूनच कळले. आपल्याला शिट्टी मिळणार नाही, आपली जागा आपणच करून घ्यायची, हे 11 नंबरलाही माझ्याकडूनच कळले.

चौथ्या क्वार्टरची दोन मिनिटे उरली होती आणि 11 नंबरचा संघ तीन गुणांनी पुढे होता. समोरच्या संघाचा शॉट चुकला, तिने रिबाउंड घेतला. मी बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या सीमारेषेवर, होते. ती माझ्याकडे तोंड करून उतरली आणि बाहेरच्या बाजूला वळायला लागली. दोन खेळाडूंमधली फट दिसेल अशा कोनात पंचाने उभे राहायचे असते. फट दिसली तर कोण कोणाच्या जागेत शिरले ते दिसते. मी तिच्या बरोबर मागे, एका रेषेत सापडले होते. मला तिची पाठ दिसत होती आणि पाठीपलीकडे गार्डच्या केसांची वेणी. एक पाऊल उजवीकडे सरकले असते तर पुरले असते. सहकाऱ्यांना ती फट बाजूने स्वच्छ दिसली असती, पण रिबाउंड हातात आलेला पाहताच ते पलीकडच्या बास्केटकडे धावत सुटले होते. चेंडू कोंडीतून मोकळा होईपर्यंत थांबायचे असते, हे पंचांच्या प्रत्येक वर्गात सांगितले जाते आणि प्रत्येक मैदानावर विसरले जाते.

सुपारी फुटावी तसा आवाज आला. गार्ड खाली बसली, गालाच्या हाडावरची कातडी फाटली होती आणि रक्त पांढऱ्या जर्सीवर ओघळत होते. माझी मूठ वर गेली, शिट्टी वाजली, आणि मग मी दोन्ही हात वर करून स्वतःचे मनगट पकडले. अनस्पोर्ट्समनलाइक फाउल, म्हणजे खेळाच्या भावनेला सोडून केलेला फाउल, याची ती खूण. आधीचा टेक्निकल आणि हा मिळून 11 नंबर सामन्यातून बाद. नियमानुसार बाद झालेल्या खेळाडूने ड्रेसिंग रूममध्ये बसायचे किंवा इमारतीबाहेर जायचे. आमच्या मैदानाला ड्रेसिंग रूम नाही, म्हणून ती भिंतीपलीकडे लावलेल्या स्कूटरच्या रांगेत जाऊन बसली. रक्त थांबून जखम झाकली जाईपर्यंत जखमी मुलीला खेळता येत नाही, त्यामुळे तिचे दोन फ्री थ्रो बदली खेळाडूने घेतले आणि पुन्हा चेंडूही त्यांनाच मिळाला. 11 नंबरचा संघ चार गुणांनी हरला.

मोठ्या स्पर्धांत पंचांना पडद्यावर पुन्हा पाहून असा फाउल खाली किंवा वर नेता येतो. आमच्याकडे टेबलावर एक स्कोअरशीट आणि एक घड्याळ होते. जे पाहिले त्यावरच निर्णय द्यायचा, आणि मी नेमके काय पाहिले होते? मी मनगट पकडले ते रक्त दिसल्यानंतर. जखम किती झाली हा निकष नाही, कृती कशी होती हा निकष आहे, हे मी नव्या पंचांना शिकवते.

चित्रफितीत गार्डचा डावा हात 11 नंबरच्या कमरेवर स्पष्ट दिसतो आणि तिचा गुडघा 11 नंबरच्या दोन पायांच्या मध्ये आहे. वळताना खांदा आणि कोपर बराच वेळ बरोबर चालतात. अगदी शेवटी, गालाला लागण्याआधी, कोपर खांद्याच्या थोडे पुढे निघते. चित्र थांबवले की मला ते तसे दिसते. चालू ठेवले की दिसत नाही. कोपर खरोखर पुढे निघाले असेल तर माझा निर्णय टिकतो. नसेल तर तो बचाव करणारीचा साधा फाउल होता आणि मी निरपराध मुलीला स्कूटरच्या रांगेत बसवले. एक मात्र दोन्ही बाजूंनी खरे आहे. कमरेवर हात पडताच मी शिट्टी वाजवली असती, तर ते कोपर फिरलेच नसते आणि तो गालही फाटला नसता.

गेल्या रविवारी सकाळी तिचे प्रशिक्षक तिला घेऊन त्याच मैदानावर आले होते. पंचाने खेळाडूशी असे बोलावे की नाही, हा प्रश्न माझ्याही मनात आला, पण मी बोलले. तिने सरळ विचारले, "मॅडम, मग मी कोपर ठेवू तरी कुठं?" मी चेंडू तिच्या हनुवटीखाली धरायला लावला, कोपरे बाहेर काढली, तिच्या खांद्यावर हात ठेवून सगळे अंग एकत्र कसे वळते ते दाखवले आणि माझ्या शाळेतल्या आठवीतल्या एका मुलीला तिच्यासमोर उभे केले. ती छोटी पुढे सरकताच 11 नंबरने दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवली, चेंडू पोटाशी आणला आणि जागेवर तशीच उभी राहिली. छोटीने तो अलगद काढून घेतला.