नऊ नंबरचा गमबूट

चिपळूणजवळ लोट्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून मला बावीस वर्षं झाली, त्यातली बारा युनियनच्या कमिटीत. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण चार वर्षांपूर्वीचा तो जूनमधला सोमवार लिहायचाच होता, डोक्यातून जातच नाही.

त्या दिवशी दुपारी तीनला आमच्या पगारवाढीच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. मागणीपत्र देऊन चौदा महिने झालेले, मिटिंगवर मिटिंग, शेवटी एकदाचा आकडा ठरला होता आणि मागच्या महिन्यांच्या वाढीचा फरक गणपतीच्या आधी खात्यात येणार होता. पहिली पाळी सकाळपासून खुशीत, कुणाला घराची कौलं बदलायची होती, कुणाला पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती.

दहाच्या सुमारास पंपाकडून किंकाळी आली. ठेकेदाराचा एक पोरगा सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या लाईनचा फ्लँज, म्हणजे पाईपचा जोड, खोलत होता. लाईन रिकामी केली असं कामाच्या परमिटवर लिहिलेलं, खाली सहीसुद्धा, पण आत माल शिल्लक होता आणि नट ढिला झाल्याबरोबर धार थेट त्याच्या पायावर. आम्ही धावलो, सेफ्टी शॉवरची साखळी ओढली तर करंगळीएवढं पाणी. मग होज पाईप ओढत आणला आणि त्याच्यावर धरला. मी ओरडतोय, गमबूट काढा, आधी गमबूट काढा! एकाने ओढला तर सटकन हातात आला, इतका सैल. आतून पाण्याबरोबर चिंध्यांचा बोळा बाहेर पडला, काळा पडलेला. पोराचा पाय सहा नंबरचा, बुटावर आकडा नऊ. ठेकेदाराने असतील ते दिलेले, म्हणून हा पुढे चिंध्या कोंबून चालायचा. वरच्या फटीतून अ‍ॅसिड आत गेलं आणि त्या चिंध्यांनी ते बोटांशी धरून ठेवलं. पायात मापाचा बूट असता तर इतकं झालं नसतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

वीस मिनिटं आम्ही पाणी मारत होतो. तो थरथरत होता आणि मला एकच विचारत होता, "दादा, आजची हजेरी लागंल ना?" आदल्या दिवशी रविवारी त्याने डबल ड्युटी केलेली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 च्या जूनमध्ये, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी कितीतरी वर्षं भांडत होते, आणि आमच्या कंपनीत ठेक्यावरची पोरं महिना महिना सुट्टीशिवाय राबत होती.

तेवढ्यात ठेकेदाराचा सुपरवायझर जीप घेऊन आला. म्हणाला, चिपळूणला ओळखीचा डॉक्टर आहे, मी नेतो, रजिस्टरला घेऊ नका, आज करार आहे, उगाच लफडं नको. मी म्हटलं, अ‍ॅम्ब्युलन्स येणार आणि रजिस्टरला नोंद होणार, माणूस अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही तर फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावंच लागतं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, हा तुमचा मेंबर तरी आहे का?"

नव्हता. मागणीपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं, एकतीस मागण्या, त्यात कायम कामगारांना वर्षाला सेफ्टी शूजचे दोन जोड हेसुद्धा. ठेक्यावरच्या माणसांबद्दल एक ओळ नाही. आम्ही कायम एकशे चाळीस, ते दोनशेच्या वर. आमच्यातला एक रिटायर झाला की त्याच्या जागी ठेक्यावरचा येणार, हे आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो आणि गप्प होतो. 1948 चा फॅक्टरी कायदा असा भेद करत नव्हता, ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच. भेद आम्ही केला.

माझे बाबा लालबागला गावकीच्या खोलीत राहून गिरणीत सात वर्षं बदली होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत खोलीवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा बदलीवाल्यांना कायम करा ही पण मागणी होती, बाबा त्यासाठी संपात उतरले. अडीच लाख माणूस बाहेर होता. गिरणीचं काम गेलं ते गेलंच, बाबा गावी येऊन भातशेतीला लागले. त्यांच्या तोंडून संप का केला असं कधी ऐकलं नाही, पण कायमवाले आमच्यासाठी थांबले होते हे मात्र शंभर वेळा ऐकलंय.

दीडला कँटीनमध्ये कमिटी बसली. मी म्हटलं, आज सही नको. भांडण झालं, खूप झालं. फरक लटकला तर लोक आपल्याला चपलेने मारतील, असं एकजण म्हणाला आणि तो खोटं बोलत नव्हता. मी तो गमबूट टेबलावर ठेवला, चिंध्यांसकट. सेक्रेटरीकाकांनी तो उलटा करून नंबर वाचला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मत घेतलं, पाच विरुद्ध चार.

तीनला आत गेलो ते सांगायला की आधी अपघाताची नोंद, उपचाराचा खर्च, बरा होईपर्यंत पोराचा पगार, सगळ्यांना मापाचे बूट आणि शॉवरला पाणी. साहेब चिडले, ठेकेदाराचा विषय ठेकेदाराशी बोला म्हणाले. आम्ही 1923 चा नुकसानभरपाई कायदा पुढे केला, ठेकेदाराचा माणूस असला तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. अकरा दिवस ताणलं, गेट मिटिंगला मी शिव्या खाल्ल्या. अकराव्या दिवशी सगळं लिहून मिळालं आणि मगच करार झाला, फरक गणपतीनंतर आला.

ठेक्यावरच्यांना मेंबर करायला युनियनच्या घटनेतला 'कायम' हा शब्द काढावा लागला, त्याला आणखी दीड वर्षं. फॉर्मवर पहिली सही त्या पोराचीच, पायाची दोन बोटं अजून नीट वाकत नाहीत. त्यानंतर सहा महिन्यांनी ठेका बदलला, नव्या ठेकेदाराने जुनी आठ माणसं घेतली नाहीत, आणि आठही जण आमचे मेंबर. केस लेबर कोर्टात आहे. प्रत्येक तारखेला तो पोरगा सकाळच्या एसटीने येतो, मी रजा टाकून जातो, पुढची तारीख बावीसला आहे.