मेल पाउचची रंगवलेली कोठारे: व्हीलिंग ते बेलमाँट

वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंगहून ओहायो नदी ओलांडल्यावर आंतरराज्य महामार्ग ७० टाळून जुना यूएस ४० धरावा. ‘मेल पाउच’ या चघळायच्या तंबाखूची जाहिरात रंगवलेली लाकडी कोठारे या जुन्या रस्त्यालगत आणि त्याला फुटणाऱ्या गावरस्त्यांवर पाहायला मिळतात.

जाहिरातींमागचा धंदा व्हीलिंगचाच. ब्लॉक बंधूंनी १८७९ साली तो सुरू केला आणि सिगार वळताना उरणारी पानांची कातरण चव लावून चघळण्यासाठी विकायला काढली. रस्त्याकडच्या भिंतीवर जाहिरात रंगवू देणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाकाठी थोडी रक्कम मिळे, शिवाय कोठाराला रंगही फुकट लागे. लाकूड कुजण्यापासून वाचवणारा हा रंग शेतकऱ्याला पैशांपेक्षा मोलाचा वाटत असणार, असे मला ती कोठारे पाहताना सारखे वाटत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाला लागलेल्या, ओहायोतील बेलमाँट गावच्या हार्ली वॉरिक यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सुमारे २०,००० वेळा अशा भिंती रंगवल्या, त्याही साचा न वापरता, केवळ नजरेच्या अंदाजाने. जाहिरातीतील ‘च्यू’ (Chew, म्हणजे ‘चघळा’) या इंग्रजी शब्दातील तिसऱ्या अक्षरापासून ते सुरुवात करत. महामार्गांवरील जाहिरातींना लगाम घालणारा कायदा १९६५ साली आला, तेव्हा ही कोठारेही संकटात सापडली होती; १९७४ च्या दुरुस्तीने अशा जुन्या जाहिरातींना वारसा म्हणून सूट मिळाली.

बेलमाँटजवळच्या बार्ककॅम्प राज्य उद्यानातील कोठार जवळून पाहता येते, म्हणून आरंभ तिथूनच करावा. मात्र नव्याने रंगवलेल्या ठसठशीत अक्षरांवर समाधान मानू नये. एका विटलेल्या भिंतीवर काळा रंग उडून फळ्या राखाडी पडल्या होत्या, पण पांढऱ्या अक्षरांखालचे लाकूड किंचित उंच राहिले होते. तिरप्या उन्हात त्या कडांची सावली पडली आणि दुपारी न लागलेला मजकूर सहज वाचता आला. त्यामुळे पूर्वेकडच्या भिंती सकाळी आणि पश्चिमेकडच्या संध्याकाळी पाहाव्यात. पानगळीनंतर गेल्यास झाडांआड दडलेल्या भिंतीही दिसतात. जाहिरात पुष्कळदा कोठाराच्या दोन्ही टोकांना असते, तेव्हा पुढे गेल्यावर मागे वळून पाहावे. बहुतेक कोठारे खासगी शेतांत आहेत. छायाचित्र रस्त्यावरूनच घ्यावे आणि जवळ जायचे असल्यास आधी घरमालकाची परवानगी मागावी.