मृत्यूचं ठिकाण

"काका, मृत्यूचं ठिकाण रिकामं ठेवू नका. गाव, तालुका, जिल्हा."

"अरबी समुद्र."

सेतू केंद्रातल्या मुलीनं मान वर केली. "गावाचं नाव सांगा ना. त्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही."

रांगेत माझ्या पुढे होते ते. पन्नाशी ओलांडलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर. वायरमन असावेत. राहून गेलेली वारसनोंद करायला आलेले.

वडील नौदलात, 'खुकरी'वर. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जहाजाबरोबर गेले.

"मी फेब्रुवारीतला," ते म्हणाले. हिशेब मी मनातच केला.

"दीव टाक बाळा," शेवटी त्यांनीच सांगितलं. "तिथं स्मारक तरी आहे."

मग माझं पेन परत देता देता, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आईनं त्यानंतर मासा तोंडात घातला नाही. आम्हाला मात्र करून वाढायची. मला वाटायचं, तिला आवडतच नसेल."

कोकणातली बाई आणि मासा नाही!

१६ डिसेंबरला विजय दिवसाचे मेसेज मीही दरवर्षी पुढे पाठवतो. ९ तारीख कधी लक्षात राहिली नव्हती.

घरी आल्यापासून एकच डोक्यात आहे. इतकी वर्षं बांगड्याचं तिखलं करताना, चव न घेता, त्या माउलीचं मीठ बरोबर कसं पडत असेल?